पाचव्या नंबरची घोडी

दिवाळी उलटली की मनोरच्या वाटेवरचे डोंगर पिवळे पडायला लागतात. आधी माथे, मग उतार, मग अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. वाऱ्यावर ते गवत एका बाजूला कलतं, पुन्हा उठतं. एस.टी.च्या खिडकीतून लोक त्याचे फोटो काढतात. त्यात हात घालून कापणारं आता फारसं कुणी उरलं नाही. होळीच्या आधी कुणीतरी काडी लावून देतं, आणि चार दिवसांत डोंगर काळे होतात. पालघरच्या माझ्या घराच्या गच्चीवर जळक्या काड्या येऊन पडतात. मी त्या झाडते. त्यांचा वास मला सहन होत नाही. लोकांना वाटतं, म्हातारीला धुराचा त्रास आहे.

साठच्या त्या दशकात या गवतावर आमचं घर चालायचं. आम्ही बेटेगावचे. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, बोईसर स्टेशनाला लागून गवताची वखार चालवत. कार्तिकात जव्हारकडची, डोंगराकडची कुटुंबं खाली उतरत. पुरुष-बायका विळे घेऊन उतारावर पसरत आणि दुपारपर्यंत भारे डोक्यावरून वखारीत यायला लागत. भारा आधी दिसे, माणूस मागून. वखारीत लाकडी दाबयंत्र होतं. चार माणसं त्याच्या दांड्याला लटकली की आत गवत दबे, मग तारा आवळून गठ्ठा बाहेर. ते गठ्ठे मालगाडीच्या डब्यात भरून मुंबईला जात. म्हशींच्या तबेल्यांना, आणि रेसच्या घोड्यांना. "आपलं गवत खाऊन घोडे धावतात," असं अप्पा पाहुण्यांना हमखास सांगत. रेस त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

मुंबईच्या रेसचा हंगाम आणि आमचा गवताचा हंगाम एकच, हिवाळ्याचा. पण त्या दोघांची गाठ आमच्या घरात पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली ती एका शेठमुळे, आणि माझ्या गणितामुळे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. बोईसरच्या शाळेत गणित शिकवत होते. सव्वीस वर्षांची अविवाहित मुलगी म्हणजे गावाच्या दृष्टीने अर्धं वाया गेलेलं धान्य. त्याच हिवाळ्यात माझ्यासाठी दोन स्थळं आली. दोन्ही वेळा आईचा पहिला प्रश्न, "पगार किती?" दुसरा प्रश्न विचारायची वेळच आली नाही, कारण तिकडच्यांनीही तोच प्रश्न माझ्याबद्दल विचारला होता. मी हसले होते. माणसाची किंमत अशी एका आकड्यात धरतात का, असं आईशी तावातावाने बोलले होते. हे बोलून पंधरा दिवस झाले नसतील, तोच मी स्वतः तेच काम वही-पेन्सिल घेऊन करायला बसले.

शेठ हे अप्पांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. मुंबईला त्यांचे सहा-सात रेसचे घोडे होते. तारापूरच्या किनाऱ्याला त्यांनी चिकूची वाडी घेतली होती आणि तिथे चार घोड्यांपुरता तबेला बांधला होता. पाय दुखावलेले घोडे तिथे विश्रांतीला यायचे. सकाळी त्यांना गुडघाभर खाऱ्या पाण्यात चालवायचं, म्हणजे सुजलेली शीर उतरते. त्या वर्षी दोन घोडे आले होते. एक नवाबजादा, पाच वर्षांचा, काळाभोर, अंगावर तेल लावल्यासारखा चकचकीत. दुसरी लाजवंती, सात वर्षांची, तांबूस, बरगड्या मोजता येतील अशी घोडी. पाय दोघांचेही बरे होत आले होते. शेठना एकच परत मुंबईला न्यायचा होता. दुसरा विकायचा.

एका रविवारी अप्पांबरोबर मी वाडीवर गेले होते. शेठ व्हरांड्यात रेसच्या पुस्तकांचा ढीग घेऊन बसले होते. अप्पांनी सवयीप्रमाणे माझ्या गणिताचं कौतुक केलं.

शेठ म्हणाले, "मग बाई, आमचं एक काम करा. घोड्याचा क्लास काढून द्या."

"म्हणजे?"

"घोडा काय बोलतो? त्याचा पैसा बोलतो. आजपर्यंत बक्षिसाचे किती रुपये जिंकले, किती वेळा धावला. भागाकार करा. एका धावेमागे ज्याचे रुपये जास्त, तो वरच्या क्लासचा. आमच्यात सगळे हेच बघतात."

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू? पुस्तकांत प्रत्येक शर्यतीचा निकाल होता, बक्षिसाची रक्कम होती. पहिल्या चौघांना पैसे, पाचव्यापासून पुढे काही नाही. मी चार दिवस शाळा सुटल्यावर बसून दोन्ही घोड्यांचे तक्ते केले. लाल पेन्सिलने रेघा आखल्या. नवाबजादा आठ वेळा धावला होता, त्यात तीनदा पहिला. लाजवंती सतरा वेळा धावली होती आणि पहिली फक्त एकदा. कधी चौथी, कधी पाचवी, कधी सहावी. नवाबजादाचा भागाकार तिच्या दुपटीहून वर गेला. उत्तराखाली मी दोन रेघा मारल्या. मुलांच्या वहीत मारते तशा.

पुढच्या रविवारी शेठनी तक्ता पाहिला आणि तिथल्या तिथे म्हणाले, "झालं. घोडी काढायची." मग अप्पांकडे वळून, "मुलगी नाही, मुनीम आहे तुमची." अप्पांचा चेहरा त्या दिवशी कसा फुलला होता, ते मला अजून दिसतं. माझाही फुलला असणार.

लाजवंतीची निगा राखणारा सईस लखमा. त्याच्याविषयी सांगायला हवं. तो आमच्याच डोंगराकडचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अप्पांच्या गवताच्या डब्याबरोबर मुंबईला माल उतरवायला गेला आणि तबेल्यातच राहिला. घोडे त्याच्याजवळ शांत होत, म्हणून ठेवून घेतलं. घोडी तीन वर्षांची होती तेव्हापासून तिचं सगळं त्याच्याकडे. बायको सोनी इथेच, बेटेगावच्या मागच्या पाड्यावर राहायची आणि हंगामात आमच्या वखारीसाठी गवत कापायची. घोडी तारापूरला आली आणि कित्येक वर्षांनंतर नवरा-बायको एका ठिकाणी आले. घोडी विकली की तिच्याबरोबर आपलं कामही जाणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तक्ता देऊन मी समुद्राकडे गेले. ओहोटी होती. मांगेल्यांच्या, म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या, बोंबील वाळवायच्या वलांडी किनाऱ्याला उभ्या होत्या, हजारो बोंबील तोंडात तोंड घालून वाळत होते, आणि वाऱ्याबरोबर तो खारा, कुबट वास अंगाला चिकटत होता. लखमा घोडीला पाण्यातून बाहेर आणत होता. मला पाहून थांबला.

"बाई, तुमी पैसं मोजलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ती कोनाच्या मागं धावली, ता मोजलं काय?"

"म्हणजे रे लखमाभाऊ?"

त्याने लगाम खांद्यावर टाकला आणि उकिडवा बसून ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढायला लागला. एक रेघ म्हणजे एक शर्यत. अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. पण सतराच्या सतरा शर्यती त्याला पाठ होत्या. कुठला दिवस, जमीन ओली की सुकी, पुढे कोण होतं, घोडी कुठे अडली. "ही बगा. हितं ती पाचवी. पन म्होरं चार कोन? त्या वर्षाचं सगळ्यात मोठं घोडं. पाचव्याला काय भेटत नाय, बाई. रुपया नाय. पन पाचवा कोनाच्या मागं पाचवा, ता बगायला नको?"

"आणि नवाबजादा?"

"ता पयला आला ता कोनाच्या म्होरं?" तो हसला. "लंगडी नि म्हातारी. एकदा तर पाचच घोडं होतं धावायला. मोठ्या शरतीत घातला तवा शेपटाला राह्यला. दोनदा. बगा पुस्तकात."

लाट आली आणि रेघा पुसून गेली. घोडीने मान खाली घालून माझ्या पदराचा वास घेतला. तिच्या नाकपुड्यांतला श्वास गरम होता, आणि त्याला आमच्या वखारीतल्या गवताचा वास होता.

मी पुस्तकं पुन्हा घरी नेली. लखमा म्हणाला त्यातली एक गोष्टही चुकीची निघाली नाही. मधल्या सुट्टीत, मुलं अंगणात ओरडत असताना, मी दुसरा तक्ता केला. या वेळी घोड्याने काय जिंकलं ते नाही लिहिलं. ज्या शर्यतीत तो उतरला, तिचं एकूण बक्षीस किती, ते लिहिलं. मोठं बक्षीस असतं तिथेच मोठे घोडे येतात. चित्र उलटं झालं. लाजवंती जवळजवळ सगळ्या वेळा वरच्या शर्यतींत धावलेली, आणि दरवेळी पहिल्याच्या फार मागे नाही. नवाबजादाची सगळी कमाई तळातली. पहिल्या तक्त्यातला भागाकार बरोबर होता. प्रश्न चुकला होता.

गणिताच्या शिक्षकाला याहून मोठा आनंद नसतो. मला तो झाला. एका निरक्षर माणसाने वाळूत मांडलेलं मी कागदावर सिद्ध केलं होतं. शेठपुढे हा कागद कसा ठेवायचा, काय बोलायचं, याची मी मनात उजळणी केली. ती उजळणी मला अजून पाठ आहे. तीच तेवढी राहिली.

पौषातला रविवार होता. शेठकडे मुंबईचे दोन पाहुणे आलेले. वाडीत उकडहंडी लावली होती. वालपापडी, कोनफळ, रताळी भरलेलं मडकं जमिनीवर उपडं, त्याभोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ, आणि पाल्याचा, ओल्या मसाल्याचा वास सगळीकडे भरलेला. अप्पा पाहुण्यांना गवताच्या जाती सांगत होते. वीस पावलांवर चिकूच्या झाडाखाली लखमा घोडीला खरारा करत उभा होता.

"शेठ, मी एक दुसरा तक्ता केलाय," मी म्हणाले.

"दुसरा? पहिला चुकला काय?"

एक पाहुणा मोठ्याने हसला. "वा! मास्तरीणबाईपण चुकतात म्हणायच्या!"

बाकीचेही हसले. वाईट नव्हतं ते हसणं. जेवणाआधी माणसं हसतात तसं. पण माझे कान तापले. सव्वीस वर्षांत मला गणितात कुणी हसलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "चुकला नाही. हा लखमा म्हणत होता, म्हणून..."

"लखमा?" शेठचं हसू गेलं. त्यांनी हाक मारली. लखमा लगाम सोडून आला, दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"तू बाईंना गणित शिकवतोस?"

"नाय शेट. मी नुसता सांगितला. बाईंनी पुस्तकात बगितला." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. खात्री होती. "बाईंना इचारा."

शेठ वळले. हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं, की त्यांनी खरंच विचारलं. "बोला बाई. तुमचं काय म्हणणं आहे?"

कागद माझ्या पिशवीत होता. घडी घातलेला. पिशवी मांडीवर होती. अप्पा माझ्याकडे बघत होते. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं, की अप्पांच्या वखारीचं अर्धं गवत या माणसाकडे जायचं, म्हणून मी घाबरले. ते खरं नाही. ते कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी वखार माझ्या मनात नव्हती. त्या पाहुण्याचं हसू होतं, एवढंच.

"माझा तक्ता पहिलाच," मी म्हणाले.

जाळ फटफटत होता. शेठ लखमाकडे वळले. "घोडी विकायला काढली म्हटल्यावर तुझ्या पोटात दुखणारच. पण बाईंना पुढे करतोस? त्यांच्या तोंडून मला सांगतोस? उद्यापासून येऊ नकोस."

लखमा वळला. घोडीकडे गेला. तिचा राहिलेला एक पाय त्याने खाली बसून पुसला, बादली उपडी घातली, खरारा खुंटीला अडकवला. मग बोंबलाच्या वलांडींमधून चालत गेला. त्या रविवारी मी उकडहंडी खाल्ली. चांगली झाली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आठवड्याभरात लाजवंती बोईसरच्या टांगेवाल्याला विकली गेली. त्याचं नाव इब्राहिम. त्याला आम्ही चाचा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. स्वतः भाकरी खायच्या आधी घोडीला चंदी द्यायचा. पण टांगा तो टांगाच. तारापूरकडे त्या वर्षी मोठं बांधकाम चाललं होतं. ट्रकांनी रस्ता खणून काढला होता, खडी पसरलेली, आणि स्टँडवर दूरदूरच्या मजुरांची हिंदी ऐकू यायची. "चाचा, साइट चलोगे?" सहा-सहा माणसं चढायची. ज्या पायांना खाऱ्या पाण्यात जपलं होतं, ते त्या खडीवर पडत होते.

लखमाला अप्पांनी वखारीत दाबयंत्रावर घेतलं. अप्पांना त्यात आपलं औदार्य वाटलं. वखारीच्या दारातून टांगास्टँड सरळ दिसायचा. तो दांड्याला लटकायचा आणि समोर घोडी उभी असायची. ती त्याच्या वासाने मान वळवायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. तो बघायचा नाही. मी शाळेत जाताना वखारीचा रस्ता सोडून रेल्वेच्या फाटकाकडून जायला लागले.

माघात बातमी आली, नवाबजादा जिंकला. तळातल्याच एका शर्यतीत, पण जिंकला. शेठनी माणसाबरोबर पेढे पाठवले. चिठ्ठीत लिहिलं होतं, बाईंचा आकडा आणखी वाढला. अप्पांनी ती चिठ्ठी चार जणांना वाचून दाखवली. मी मनातल्या मनात नवी बेरीज केली, नवा भागाकार केला. खरंच वाढला होता. चुकीच्या उत्तराला शिक्षा होते, असं मी मुलांना शिकवत होते. पेढे येतात, हे मला तेव्हा कळलं.

मी इब्राहिमचाचाच्या टांग्यात बसायचं टाळायचे. एकदा मात्र इलाज नव्हता. चिंचणीला मावशीकडे बारसं होतं आणि स्टँडवर दुसरा टांगा नव्हता. पास्थळच्या पुढे एक टांगा दिसला. लाजवंतीचे कान उभे राहिले. चाचाने लगाम खेचला, ओरडला, काही उपयोग झाला नाही. तिने तो टांगा मागे टाकला. मग पुढचा. मग एक बैलगाडी, एक सायकलवाला. मी दांडी धरून बसले होते. धूळ डोळ्यांत जात होती.

"काय करू बाई," चाचा म्हणाला, "ये घोडी नहीं, आंधी है. पुढं कुनी दिसला की हिला राहवतच नाही. मारलं तरी थांबत नाही. आता मारत पण नाही मी."

तिच्या पाठीवर घामाचा फेस आला होता. पुढचा उजवा पाय टेकताना ती किंचित बिचकत होती, मग पुन्हा तशीच धावत होती. तिच्या पुढे आता कुणी मोठं नव्हतं. नुसते टांगे होते.

फाल्गुनात, एका दुपारी, मी सातवीला व्याजाची गणितं घालत होते. बाहेर गलका झाला. रस्त्याच्या मोरीजवळच्या खड्ड्यात घोडीचा पाय गेला होता. टांगा कलंडला, माणसांना खरचटलं, घोडीची नळी मोडली. इब्राहिमचाचा आधी डॉक्टरकडे गेला नाही, वखारीत धावत गेला. "लखमा, चल. तुझी घोडी पडली." त्याने "तुझी" म्हटलं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

शाळेच्या खिडकीतून मोरी दिसायची. लखमा रस्त्यात मांडी घालून बसला होता आणि तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पालघरहून जनावरांचे डॉक्टर यायला दीड-दोन तास लागले. तोवर तो तिच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकत बसला. ट्रक बाजूने जात राहिले. डॉक्टरांनी शेवटची सुई दिली. मुलं खिडकीशी जमली होती. मी त्यांना जागेवर बसवलं आणि म्हटलं, "मुद्दल सांगा." एका मुलीने मुद्दल सांगितलं. बरोबर होतं.

पाच-सहा दिवसांनी मी पाड्यावर गेले. गवताचा हंगाम संपला होता. पाड्यावर आवराआवर चालली होती, काही कुटुंबं वीटभट्टीवर वसईकडे निघायची होती. झोपडीपुढे मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, जड वास दुपारच्या उन्हात साकळला होता. लखमा घरी नव्हता. सोनी मडकी गोणपाटात बांधत होती. मी एक लुगडं नेलं होतं. ते तिच्यापुढे ठेवलं, आणि खूप दिवस दाबून ठेवलेलं सगळं सांगितलं. की कागद माझ्या पिशवीत होता. की लखमा बरोबर होता. की मी खोटं बोलले. बोलता बोलता मला रडू आलं. रडल्यावर हलकं वाटेल, अशी माझी कल्पना होती.

सोनीने ऐकून घेतलं. मडक्याची गाठ आवळली. लुगड्याला हात लावला नाही.

"ता मना कशाला सांगता?" ती म्हणाली. "मना म्हाईत हाय. त्याला पन म्हाईत हाय."

"मी त्याची माफी मागते. त्याला बोलाव."

"माफी नको, बाई. शेटपुढं तुमी बोललात. तर आता शेटपुढंच बोला. त्याला तितं उबा करा नि बोला, की हा खरा बोलला व्हता. एवढाच. लोकं म्हनतात, लखमानं कोनाचं तरी पैसं खाल्लं, म्हनून शेटनं काडला. पोरांना बोलतात." तिने बांधलेलं मडकं कडेला ठेवलं. मग हळू म्हणाली, "आमी मंगळवारी जातो."

"येत्या रविवारी शेठ वाडीवर येणार आहेत," मी म्हणाले. "मी येते. लखमाला सांग."

"सांगते."

मी पाड्यावरून खाली उतरले तेव्हा मनात काही शंका नव्हती. शनिवारी मी तो दुसरा तक्ता काढून ठेवला. रविवारी सकाळी साडी नेसले, चपला घातल्या, स्टँडपर्यंत गेले. एक टांगा उभा होता. टांगेवाल्याने विचारलं, "तारापूर, बाई?" आणि मी म्हणाले, "नाही. शाळेत."

शाळेला सुट्टी होती. मी शिपायाकडून किल्ली आणली, वर्ग उघडला आणि सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिका काढून पुन्हा तपासत बसले. बेरजा बरोबर आहेत का, ते पाहिलं. सगळ्या बरोबर होत्या. दिवस कलल्यावर घरी आले. आईला म्हटलं, काम होतं.

अप्पा त्या दिवशी गवताच्या कामासाठी वाडीवर गेले होते. जेवताना म्हणाले, "अगं, तो लखमा आज सकाळपासून वाडीच्या फाटकाशी उभा होता. स्वच्छ धुतलेला सदरा घालून. शेठ जेवून झोपले, उठले, मुंबईला जायला गाडीत बसले, तरी उभाच. शेवटी शेठनीच गाडी थांबवून विचारलं, काय पाहिजे?"

मी पानावरून मान वर केली नाही.

"तर म्हणतो, 'काय नको, शेट. बाई येनार हायत.'"